करंगळीचा सूर

पळसदेवच्या आमच्या बँजो पार्टीत तात्या कीबोर्ड वाजवतात, मी ढोलकी. धारेआधी म्हशीची कास पुसावी तशा ते टॉवेलनं पट्ट्या पुसतात. नवरीच्या पाठवणीला मायनर कॉर्डचे तीन सूर धरून करंगळीनं सप्तकातला सहावा सूर त्यात हळूच मिसळतात. एकदा मी विचारलं, कशाला?

"तीन सुरांत नुसतं रडणं हाय. सहावा टाकला की पोरगी रडता रडता मागं वळून बघती."

परवा त्यांच्याच लेकीची पाठवणी होती. कीबोर्डवर तेच बसले. मी करंगळीकडंच बघत होतो. ती शेवटपर्यंत मुडपलेली राहिली.

गाडी गेल्यावर म्हणालो, "तात्या, सहावा राहिला."

पट्ट्या पुसत म्हणाले, "वळली असती, तर म्याच जाऊ दिली नसती."