रेकॉर्डींच्या पेटीचं झाकण

पहिली लाँगप्ले रेकॉर्ड मी विकत घेतली तेव्हा ती वाजवायला आमच्या घरात यंत्र नव्हतं. मी फोर्टमधल्या एका विमा कचेरीत टायपिस्ट होते. जेवणाच्या सुट्टीत एका रेकॉर्डींच्या दुकानात नुसती हिंडायला जायचे. तिथे एका कोपऱ्यात परदेशातून आलेला थोडा माल असे. त्यात ही होती. करड्या कव्हरवर सात काळे वादक, हातात आपापली वाद्यं, अंगावर कडक इस्त्रीचे कोट. मूळ फोटोचा कोपरा फाटलेला होता आणि छापणाऱ्यांनी तो फाटका कोपरासुद्धा तसाच छापला होता.

कव्हर उलटून पाहिलं तर मागे बारीक अक्षरांत मजकूर. हे जॅझ तीस-पस्तीस वर्षांपूर्वी लाखेच्या तबकड्यांवर निघालं होतं, ते आता गोळा करून या एका रेकॉर्डवर घेतलंय, असं लिहिलेलं. एका गाण्याची चांगली तबकडी कुठेच मिळेना, शेवटी ती एका न्हाव्याच्या दुकानात सापडली, म्हणून त्या गाण्यात मधेमधे टकटक ऐकू येईल, क्षमा असावी. उभ्या उभ्या मी ते सगळं वाचलं. गाणं ऐकलेलंच नव्हतं, त्या मजकुरासाठी मी ती घेतली.

आमची खोली गिरगावात, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. घरात आई, वडील म्हणजे अण्णा, आणि मी. अण्णांचा किल्लीचा फोनो होता, त्यावर फक्त नाटकातली पदं वाजत. रेकॉर्ड बघून अण्णा म्हणाले, "ही आपल्या फोनोवर लावलीस तर सुई नांगरासारखी फिरेल तिच्यावरून."

"माहीत आहे मला."

"मग आणलीस कशाला?"

आईला ते कॅलेंडर वाटलं. कुठे खिळा मारायचा ते ती बघायला लागली. रेकॉर्ड आहे म्हटल्यावर तिनं जुन्या पातळाची एक खोळ शिवली, हार्मोनियमला शिवतात तशी. पुढे प्रत्येक रेकॉर्डला तिनं खोळ शिवली, आणि कुठलं पातळ कोणत्या रेकॉर्डला हे तिला पाठ असायचं.

अशा तीन रेकॉर्डी न ऐकता जमल्या. माझ्या टेबलावर एकीचं कव्हर पाहून कचेरीतले एक कारकून थांबले. परळला राहायचे, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठे, फार बोलत नसत. म्हणाले, "बाई, तुमच्याकडे रेकॉर्डी आहेत आणि यंत्र नाही. माझं उलटं आहे. चोरबाजारातली मोटर आणि जुन्या रेडिओचा स्पीकर लावून मी एक यंत्र बनवलंय. लावायला दोनच रेकॉर्डी, त्याही माझ्या नाहीत. रविवारी घरी या. घरी बायको आहे, मुलं आहेत, माझे वडील आहेत."

एकटीनं जायचा प्रश्नच नव्हता. आई बरोबर आली. भायखळ्याला ट्राम बदलून आम्ही परळला पोचलो. मी मांडीवर रेकॉर्डी धरून बसले होते आणि आई गप्प होती. का गप्प होती ते मला कळत होतं. त्या घरानं नुकताच बुद्धधम्म स्वीकारला होता, भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर होती. आई आयुष्यात पहिल्यांदा अशा घरात पाऊल टाकत होती.

कारकुनांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, चहा पुढे केला. आई म्हणाली, "नको हो, आज उपास आहे माझा." तो खोटा होता. सकाळी तिनं माझ्याबरोबर भाकरी खाल्ली होती. माझी मान खाली गेली.

वहिनी म्हणाल्या, "मग बरंच झालं. चहा चालतो की उपासाला."

आई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली, मग हसलीच. तिनं कप घेतला आणि बशीत ओतून सगळा चहा प्यायली. वहिनींनी पुन्हा विचारलं तेव्हा तिनं कप पुढे केला.

यंत्राची वायर दिव्याच्या होल्डरमधून घेतली होती, म्हणून ते दिवसाउजेडीच लावता यायचं. सुई टेकली आणि मी विकत घेतलेलं जॅझ पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं होतं तसं ते मुळीच नव्हतं. सगळी वाद्यं एकदम बोलत होती, नळावर बायका बोलतात तशी, आणि तरी प्रत्येकीचं वेगळं कळत होतं.

कारकुनांचे वडील खाटेवर बसले होते. सगळे त्यांना बाबा म्हणत, मीही म्हणायला लागले. ते आधी गिरणीत होते, आणि लग्नसराईत एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आता पुढचे दात पडल्यामुळे फुंक धरत नव्हती. पहिलं गाणं संपायच्या आत त्यांनी खाटेखालून पेटी ओढली, क्लॅरिनेट जोडली आणि ओठाला न लावता नुसती बोटं चालवायला लागले. रेकॉर्डमधला क्लॅरिनेटवाला वर चढला की यांची बोटं वर, तो थांबला की हे थांबले. बाजू संपल्यावर आईच म्हणाली, "परत लावा ना हो ती."

त्यानंतर महिन्यातले दोन रविवार तरी माझे परळला जायचे. कधी आई येई, पुढे पुढे मी एकटी गेले तरी अण्णा काही म्हणेनात. रेकॉर्डी वाढत गेल्या. बोटीवरून उतरलेल्या खलाशांचा माल भायखळ्याच्या एका दुकानात येई, तिथे मी चक्कर टाकायचे. बाबांना ऐकण्याआधी कव्हर लागायचं. हातात धरून ते वाद्यं बघत, मग म्हणत, "बाय, मागलं वाच." मी मराठी करून सांगायचे. याचा बाप बंदरावर हमाल होता, याची आई लोकांचे कपडे धुवायची, हा पोरवयात मयतीच्या बँडमागे पळायचा.

एकदा त्यांनी विचारलं, "ज्या हॉटेलात वाजवायचे, तिथं यांना जेवायला आत घेत होते काय?"

मी मजकूर पुन्हा पाहिला. तिथे होतं. मागच्या दारानं जा-ये, राहायला गावाबाहेर.

"आम्हाला मांडवामागं वाढायचे," बाबा म्हणाले. "वरात मात्र आमच्याशिवाय हलायची नाय." आणि कव्हर माझ्या हातात परत दिलं.

आमच्या घरी या काळात वेगळंच वारं होतं. अण्णा चाळीतल्या संयुक्त महाराष्ट्राच्या कामात बुडालेले होते. गोळीबारात मेलेल्यांपैकी एक मुलगा शेजारच्या गल्लीतला होता, अण्णांनी त्याला लहानपणी गणित शिकवलं होतं. तेव्हापासून ते आवाज चढवून बोलत नसत, पण माझ्या रेकॉर्डींकडे त्यांनी पाहिलं की मला ते जाणवायचं. एकदा म्हणाले, "शहर पेटलंय आणि तुझं लक्ष अमेरिकेतल्या वरातींकडे."

मग भायखळ्याच्या त्या दुकानात मला एक पेटी मिळाली. जाड पुठ्ठ्याची, वर उचलायचं झाकण, आत तीन रेकॉर्डी आणि फोटोंची एक पुस्तिका. झाकणावर एका ट्रम्पेटवाल्याचा चेहरा, गाल फुगलेले, डोळे मिटलेले; परळला नेली तेव्हा बाबांनी तो बराच वेळ निरखला होता. बोटीत तिला ओल लागली होती. म्हणून मी रेकॉर्डी आणि पुस्तिका काढून आईच्या खोळीत घातल्या आणि रिकामी पेटी गॅलरीत उन्हाला लावून शनिवारी कामावर गेले.

दुपारी घरी आले तर पेटीचा खालचा भाग होता, झाकण नव्हतं.

"झाकण कुठे गेलं?"

अण्णा मोर्च्याला निघायच्या तयारीत, टोपी नीट करत म्हणाले, "पोरांना फलकाला पुठ्ठे कमी पडले होते. मी दिलं. आत तर काही नव्हतं."

"अण्णा, ते झाकणच तर—"

"पुठ्ठा होता तो," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मी चपला घातल्या आणि मोर्च्यामागे गेले. ट्रामगाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. मी माणसांतून वाट काढत प्रत्येक फलक बघत चालले होते. भायखळा गेलं, काही सापडलं नाही. लालबागला गिरणीची माणसं येऊन मिळाली, गर्दी दुप्पट झाली, आणि तिथे मला ट्रम्पेटवाला दिसला. झाकणाच्या आतल्या पांढऱ्या बाजूला लाल रंगात 'झालाच पाहिजे' लिहिलं होतं, ते पुढे तोंड करून. त्याचा चेहरा मागे, आमच्याकडे. एका उंच, काष्ट्यातल्या बाईच्या हातात तो फलक होता. गिरगावातून तो हातोहात तिच्यापर्यंत कसा पोचला, देव जाणे.

मी तिला गाठून म्हटलं, "बाई, हे माझं आहे."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असंल. मोर्चा संपू दे, मग घे. आत्ता खाली ठेवायचा नाय."

"मी धरू का?"

"माझे हात नाय दुखत. तू वरड."

म्हणून मी ओरडले. आधी नुसतं तिनं सांगितलं म्हणून, मग मला शेजारच्या गल्लीतला तो मुलगा आठवला आणि माझा आवाज आपोआप निघायला लागला. परळच्या नाक्यावर एका दुकानाच्या पायरीवर बाबा बसले होते, नातवंडांना घेऊन मोर्चा बघत. त्यांनी आधी झाकण ओळखलं, मग मला.

"आपला माणूस मोर्च्यात कसा काय?" ते ओरडून म्हणाले.

"अण्णांनी पाठवला!" मी म्हटलं. ते हसत सुटले.

दादरच्या मैदानावर सभा संपल्यावर त्या बाईनं फलक माझ्या हातात दिला. पुठ्ठ्याला बांबूची कामटी खिळ्यांनी ठोकली होती, ओढली असती तर चेहरा फाटला असता. ती म्हणाली, "कामटीसकट ने." तसाच खांद्यावर घेऊन मी घरी आले. माझा घसा बसला होता.

अण्णा माझ्याआधी पोचले होते. "कुठे होतीस?"

"दादरला. मोर्च्यात."

त्यांनी पक्कड काढली, खाली बसले आणि एकेक खिळा सरळ करून हळूहळू उपसला. भोकांवर मागून कागद चिकटवायला आईला खळ करायला सांगितली. लाल अक्षरं पुसू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

पुढच्या रविवारी पायात चपला घालत ते म्हणाले, "मीही येतो परळला." बाबांच्या खाटेवर शेजारी बसून त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. ट्रामच्या थांब्यावर मला म्हणाले, "मला हे काही आवडलं नाही. गोंगाट आहे. पण बाबांशी बोलायला मी पुन्हा येईन." आणि ते खरंच येत राहिले. दोघं गिरण्यांबद्दल, कोकणाबद्दल, मोर्च्यांबद्दल बोलत. रेकॉर्ड लागली की अण्णा गॅलरीत जाऊन उभे राहत.

राज्य झालं त्यानंतरच्या थंडीत बाबा गेले. छातीचं दुखणं होतं, फार दिवस काढले नाहीत. त्यांच्या जुन्या बँडमधले चार म्हातारे आले होते. त्यांनी काही वाजवलं नाही, नुसते अंगात जुने कोट घालून उभे राहिले. अण्णा त्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.

दोन वर्षांनी मी स्वतःचं यंत्र घेतलं. जॅझ अण्णांना शेवटपर्यंत आवडलं नाही. पण घरी कुणी पाहुणा आला की चहा होईपर्यंत ते मला म्हणत, "कपाट उघड गं, यांना कव्हरं दाखव." आणि मागचा मजकूर मी वाचायच्या आत स्वतःच सांगायला लागत. काही चुकीचं सांगत, पण मी मधे बोलत नसे.