नमुन्यातले दोन तास

“मॅडम, खिचडीला साधारण किती वेळ लागतो?”

साहेबांनी विचारलं मला, पण उत्तर दिलं गाडेकर भाऊसाहेबांनी. गाडेकर म्हणजे आमच्या ऑफिसचे लेखावाले. घरात पाण्याचा तांब्या स्वतःच्या हाताने भरून घेतला असेल तर शपथ.

“आमच्याकडे तीन शिट्ट्या, साहेब.”

“म्हणजे दहा मिनिटं,” साहेब म्हणाले. “शाळेत मुलं जास्त, एक तास धरू. वाढणं आणि भांडी धरून दोन तास. उदार मनाने.”

आयजीच्या जिवावर बायजी उदार! मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण नोकरीची सवय वाईट असते.

मी तेव्हा कर्जत तालुक्यात शिक्षण विभागात विस्तार अधिकारी होते. काम सोपं. तालुक्यातल्या शाळा फिरून तपासायच्या आणि त्यांचे कागद वर पाठवायचे. शाळांमधले कंत्राटी शिक्षक, शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या बाया, या सगळ्यांना कमीत कमी किती द्यायचं हे ठरवायला नगरला एक समिती बसली होती. समितीचं नाव इतकं लांब की वाचून होईपर्यंत चहा गार व्हायचा. साहेब अध्यक्ष, गाडेकर सदस्य, आणि मी सदस्य सचिव. सचिव मी का? तर ‘मॅडमचं अक्षर चांगलं आहे.’

कंत्राटी शिक्षकांचा विषय चहा येण्याआधीच मिटला. त्यांची संघटना आहे, आणि संघटनेकडे साहेबांच्या साहेबांचा नंबर आहे. शिपायांचा विषय बिस्किटांबरोबर संपला. उरल्या स्वयंपाकी बाया. त्यांना मिळतं ते मानधन. पगाराला कायदा लागतो, मानधनाला कुणाची तरी मर्जी पुरते. समितीने एक रेघ ओढली होती. रोज चार तासांच्या वर काम असेल तर नवा किमान दर, त्याच्या आत असेल तर ‘अर्धवेळ मदत’, म्हणजे आहे तेच चालू द्या.

“पण दोन तास कशावरून?” मी विचारलं.

गाडेकरांनी माझ्यापुढे कागद सरकवला. “तुमच्याच तालुक्याची माहिती, मॅडम. रकाना सात, कामाचे तास. प्रत्येक शाळेने दोन लिहिलेत. एकाही शाळेचा अपवाद नाही. आणि खाली ही तुमची सही.”

सही माझीच होती.

कर्जतला परत आले आणि एका मुख्याध्यापकांना फोन लावला. “सर, हे दोन तास कुठून काढले तुम्ही?”

“मागच्या वर्षीचं बघून, मॅडम.”

“आणि मागच्या वर्षी?”

“त्याच्या मागच्या वर्षीचं बघून.”

मग मी कपाट उघडलं. एकेक वर्षाची फाईल काढत खाली खाली गेले. अकरा वर्षांपूर्वीच्या फाईलच्या तळाशी पहिला नमुना सापडला. नमुना म्हणजे मुख्याध्यापकांना फॉर्म कसा भरायचा ते कळावं म्हणून भरून पाठवलेला एक फॉर्म. नाव: अ. ब. क. गाव: अमुक. कामाचे तास: २. अक्षर चांगलं होतं, कारण माझं होतं.

दोन का लिहिले? देवाशप्पथ, आठवत नाही. चौकट रिकामी वाईट दिसत असेल. जेवायची सुट्टी झाली असेल. सगळ्यांनी नाव बदललं, गाव बदललं, दोन मात्र तसेच ठेवले. एका महाभागाने तर गावसुद्धा ‘अमुक’च ठेवलं होतं, आणि अकरा वर्षं मी त्यावर सही करत होते. लोक म्हणतात पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आमच्याकडे मागचासुद्धा त्याच दगडावर पाय आपटतो, कारण मागच्या वर्षी तिथेच आपटला होता.

लाज वाटली. खरंच वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी बोरमळ्याच्या शाळेत गेले.

तिथे मंदाबाई शिजवायची. पन्नाशीची, काटक, एकटी. ऐंशी-पंच्याऐंशी मुलांचं ती एकटी बघायची. तिथल्या सरांनी आधीच सांगितलं होतं की दिवाळीनंतर ती शाळा सोडणार आहे, कांदा लावायला जाणार आहे.

“खरंय का मंदाबाई?”

“व्हय मॅडम. कांद्यात चार दिसात जे मिळतं ते हितं म्हैन्यात न्हाई. लेकरांत जीव गुतलाय म्हनून थांबले. पन जीव खाऊन पोट भरत न्हाई ना.”

मी तिला दोन तासांचं सांगितलं. चार तासांची रेघही सांगितली. ते दोन कुणी लिहिले तेही सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. “तुमी कवा चुलीपाशी आल्याच न्हाईत मॅडम. चव घ्यायच्या, सही ठोकायच्या, अन गाडीत बसायच्या. तुमाला काय दिसनार?”

शंभर टक्के खरं होतं.

“पुढच्या आठवड्यात साहेब येतायत पाहणीला,” मी म्हटलं.

“येऊ द्या की,” मंदाबाई म्हणाली. “दोन तास म्हनत्यात ना? दोन तास दावते त्यास्नी.”

काय दाखवणार ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर अधिकारी म्हणून थांबवावं लागलं असतं.

पाहणीच्या दिवशी ठीक नऊला मंदाबाईने काम सुरू केलं. सरांना म्हणाली, “फळ्यावर टाइम लिवा.” सरांनी लिहिला. साहेब आणि गाडेकर पावणेदहाला आले, सोबत फोटोवाला. तोवर टाकीवरून पाणी वाहून झालं होतं. मग तिने तांदूळ निवडले, डाळ धुतली, कांदा-बटाटा चिरला, पातेली विसळली. साहेबांनी हातात डाव धरून एक फोटो काढून घेतला. फोडणी पडली, वास वर्गात गेला, पाढ्यांचा आवाज हळूहळू बारीक झाला. पाण्याला उकळी आली. तांदूळ टाकायचा तेवढा राहिला.

अकरा वाजले. मंदाबाईने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.

“काय झालं? गॅस संपला का?” साहेबांनी विचारलं.

“न्हाई. माजे दोन तास संपले.”

गाडेकर माझ्याकडे बघायला लागले. मी फळ्याकडे.

“अहो बाई, मुलं उपाशी राहतील!”

“उपाशी कशाला राहत्याल? माजी लेकरं हायत ती. करते की पुढचं. पन ते फुकट करते. तेवढं तुमच्या वहीत लिवा. अकरानंतर मंदाबाई फुकट राबली. अन खाली तुमची सही करा.”

वही म्हणजे चव रजिस्टर. मुलांना वाढायच्या आधी कुणीतरी मोठ्या माणसाने घास खाऊन त्यात शेरा लिहायचा असतो. त्या दिवशी तो मान साहेबांचा होता. पेन हातातच होतं.

साहेबांनी वही उघडलीसुद्धा. गाडेकर घाईने पुढे आले. “साहेब, फुकट असं लिहिता येत नाही. ऑडिटला विचारतील, कुणाच्या आदेशाने फुकट राबवलं म्हणून.”

“मग काय लिहू?”

“किती तास लागतात ते खरं लिहा,” मी म्हटलं. “दुसरं काही शिल्लकच नाही.”

साहेबांनी घड्याळ बघितलं, पातेलं बघितलं, दारात येऊन उभी राहिलेली पहिलीची पोरं बघितली. “बरं बाई, मोजतो आम्ही. लावा गॅस.”

“बसून मोजा,” मंदाबाई म्हणाली आणि उठली.

बसले बिचारे. साडेबाराला मुलं जेवली. त्याआधी साहेबांनी चव घ्यायची म्हणून दोन ताटं खाल्ली आणि ‘चव उत्तम’ असा शेरा मारला. तिथून निघायचा त्यांचा विचार होता, पण अजून भांडी होती. भांड्यांनंतर पडवी, पडवीनंतर उद्याच्या धान्याचं माप. अडीच वाजले. साडेपाच तास. साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिले आणि सही केली.

मी खुशीत अहवाल टाइप करून घेतला. साडेपाच म्हणजे चारच्या वर, दर मिळणार! महिन्याभराने फाईल वरून परत आली. ‘मर्यादा चार तासांऐवजी सहा तास किंवा अधिक अशी वाचावी.’ कारण? अनुभवाअंती. कुणाचा अनुभव ते लिहिलेलं नव्हतं. एवढी चीड आली की फाईल टेबलावर आपटली, आणि माझाच चहा माझ्याच साडीवर सांडला.

मंदाबाईला फोन केला. वाटलं, रडेल. ती हसली.

“म्हंजे आर्धा तास कमी पडतोय व्हय? मॅडम, भाजी कोन आनतं?”

“कोण आणतं?”

“मीच की! साडेआठला वाडीतनं निघते, भाजी अन तेल घेऊन नऊला शाळंत. ते कुनी धरलंच न्हाई. तुमी बी न्हाई.”

बाई गं. दुसऱ्यांदा तीच चूक! दुसऱ्या दिवशी साडेआठला मी तिच्या दाराशी उभी. पिशवी धरून तिच्याबरोबर शाळेपर्यंत चालले. साडेआठ ते अडीच, सहा तास. एक मिनिट कमी नाही.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “एका शाळेवरून कसं ठरवणार मॅडम? सगळ्या शाळांची माहिती मागवा.”

मागवली. सोबत फॉर्म कसा भरायचा त्याचा नमुना जोडला. नाव: अ. ब. क. गाव: अमुक. कामाचे तास: ६. खाली लाल शाईने लिहिलं, ‘प्रत्यक्ष मोजून लिहावे.’

आठवड्याभरात सगळ्या शाळांचे फॉर्म आले. सगळीकडे सहा. कुणीही मोजलं नव्हतं, पण या खेपेला उत्तर बरोबर होतं. एक फॉर्म पुन्हा ‘अमुक’ गावाहून आला. तो मी परत पाठवला, एवढी सुधारणा माझ्यात झाली होती.

“बघा,” साहेब गाडेकरांना म्हणाले, “किती एकमुखी माहिती आहे. शंकेला जागाच नाही.”

दर लागू झाला. दिवाळीनंतर मंदाबाई कांद्याला गेली नाही.

त्याच वर्षी मी रिटायर झाले. शेवटच्या आठवड्यात बोरमळ्याला जाऊन आले. मंदाबाईने शाळेच्या ओट्यावर चहा दिला. मी कप खाली ठेवेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, “मॅडम, एक इचारू? अकरा वरसं रोजचे चार तास जास्तीचे झाले. ते कोनच्या कागदावर लिवायचे?”

रागाने नाही विचारलं. म्हणून तर जास्त लागलं. असा कागदच नव्हता. “चुकलं माझं,” एवढंच म्हटलं. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. च्या घ्या आजून.”

माझ्या जागी आलेल्या नव्या साहेबांना चार्ज देताना मी एकच गोष्ट बजावून सांगितली. “फॉर्मचा नमुना पाठवाल तेव्हा तासांची चौकट कोरी ठेवा. काय वाट्टेल ते झालं तरी कोरी ठेवा.”

त्यांनी गंभीरपणे मान डोलावली, डायरीत लिहून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, कोरी ठेवलेल्याचा एखादा नमुना मिळेल का?”