हुणसूरचं तळं वरून पाहताना

म्हैसूर सोडलं त्या सकाळी बाबा आणि अक्का बसस्टँडवर आले होते. बाबांचं तिथल्याच नजरबाद भागात शिलाईचं दुकान. त्या दिवशी त्यांनी ते उघडलंच नाही. हैदराबादकडच्या उपग्रह केंद्रात मला नोकरी लागली होती. "सुम्मे, उगाच रडायचं नाही. वेळेवर जेवत जा, आयता? कळलं ना?" एवढंच ते बोलले. अक्का, माझी थोरली बहीण, हुणसूरला दिलेली. तिनं विचारलं, "तिथनं आमचं तळं दिसतं काय गं?" मी हसून हो म्हटलं.

आणि खरंच दिसायचं. उपग्रह माथ्यावरून जाताना आमचा मोठा अँटेना त्याच्यामागे वळत राहायचा, आणि त्यानं पाठवलेल्या माहितीतून संगणकावर चित्र तयार व्हायचं. त्यातले रंग खरे नसत: झाडं-पिकं लाल, पाणी काळं. पूर, दुष्काळ, जंगलं, ज्या खात्याला जे हवं ते आम्ही पाठवायचो. काम झालं की मी अक्काच्या शेतालगतचा काळा ठिपका शोधायची. तुमच्यापैकी जे घर सोडून गेलेत, त्यांना हे सांगायला नको.

काही वर्षांनी तो ठिपका एका कडेनं खरवडल्यासारखा दिसू लागला. मी फोन केला.

"माती टाकतायत. लेआउट होणार म्हणे, घरांचे प्लॉट," अक्का म्हणाली. "आमच्या विहिरीचं पाणी खाली गेलं बघ. तू सरकारातली ना? सांग की कुणाला तरी."

मी साहेबांना सांगितलं. जुनी-नवी चित्रं रीतसर हुणसूरच्या सरकारी कार्यालयात गेली. पोच आली. चित्रं फार स्पष्ट आहेत, असं कौतुकही आलं. पुढे काही नाही.

उपग्रह मात्र येत राहिला. दर खेपेला काळं कमी, मग सरळ रेघा, मग रेघांवर छपरं. बाबा गेले, दुकान बंद झालं, भाड्याचं घरही सुटलं. अक्काची विहीर आटली, शेत विकून ती म्हैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या एका कारखान्यात लागली.

मागच्या रजेत तिच्या खोलीवर गेले. म्हटलं, "अक्का, नोकरी सोडून परत येते."

"ये की. पण कुठं येणार? मीच भाड्यानं राहते," ती डबा भरत म्हणाली. कंपनीची बस यायची वेळ झाली होती. "निघताना किल्ली मालकिणीकडं दे."

मी कुलूप लावलं, किल्ली दिली. माझ्या गावात माझं म्हणून बंद करायला आता तेवढंच एक दार आहे, आणि तेही दुसऱ्याचं.