आतल्या घडीतलं भोक

कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला की मी पुन्हा जळगाव जामोदच्या आमच्या साड्यांच्या दुकानात जाऊन बसते. माझ्या लग्नाला दोनच महिने झाले होते. गोदामात उंदरांनी कुरतडलेली मोरपंखी साडी सासऱ्यांनी भोक आत जाईल अशी घडी घालून माझ्यापुढे ठेवली होती. लेकीच्या लग्नाच्या खरेदीसाठी आलेल्या एका मावशींनी नेमकी तीच उचलली. मी पदर तेवढा उलगडून दाखवला.

"पोरी, तुह्या बहिणीले देली असती का वं हे साडी?"

पुढे त्या, मागे गादीवर सासरे. ते खाकरले.

"हाव मावशी, देली असती."

आता कुठल्याही दुकानात मी साडी शेवटच्या घडीपर्यंत उलगडते. विकणाऱ्या मुलीला मात्र काहीच विचारत नाही.