कादंबरीतला पिंजारी

नववीत शाळा सुटली, वाचायचं न्हाई सुटलं. चाकूरच्या वाचनालयातून रझाकारांच्या काळातली एक कादंबरी आणली होती. त्यात गावातल्या बायका लपून बसत्यात अन् एक पिंजारी त्यांची जागा रझाकारांना दाखवतो. वाचनालयातले काका म्हणले, "गाव खरं हाय, कंधारजवळ. नाव तेवढं बदललंय." माझी मावशी कंधारलाच ऱ्हाती. निघाले.

चाकूर ते अहमदपूर, तिथून दुसरी एसटी. रस्ता लई उकरलाय, अर्धा दिवस धरा. पाणी घरूनच न्या. या दुष्काळात हाटेलात चहा मिळतो, पाणी मागितलं की तोंडाकडं बघत्यात. गाडीत दोघं जण उदगीर जिल्हा होणार का यावर भांडत होते. मागून एक आजी म्हणली, "जिल्हा झाला की नळाला कलेक्टर येईल का रे?"

दुसऱ्या दिवशी मावशी मला जीपनं त्या गावात घेऊन गेली. किराणा दुकानातल्या अप्पांनी पुस्तक बघितलं अन् हातातला तराजू खाली ठेवला.

"त्या बायका आमच्याच घरच्या. पिंजाऱ्यानं कापसाच्या ढिगात झाकल्या म्हणून वाचल्या. अजून आमच्याकडं लग्नातली पहिली गादी त्याच्या लेकीच्या हातची लागती." मग हळूच म्हणले, "पुस्तकात बापाचं चांगलं लिवलंय, असं सांगितलंय तिला. ते पान वाचू नको, बाई."

पिंजाऱ्याची लेक, सकीनाबी, मागच्या पडवीत गादी टाचत होत्या. "वाच गं. माझ्या बापाचं वाच."

लोकांसमोर वाचायचं म्हणलं की माझी जीभ जड होती. अडखळत गेले. ते पान आलं. मी मनचंच म्हणलं, "पिंजाऱ्यानं बायकांना वाचवलं."

सुई थांबली. "आतापर्यंत ठेचकाळत होतीस. एवढंच कसं सरळ आलं? लिवलंय ते वाच."

वाचलं.

अप्पा म्हणले, "लिवणाऱ्याला काय कळतंय, सकीनाबी."

"त्याला खरं सांगितलं कुणी? पोलीस अ‍ॅक्शननंतर लोकं बापाला रझाकारांचा माणूस म्हणून घेऊन गेले, तो आलाच न्हाई. तवा तुमच्या घरानं तोंड उघडलं असतं तर?"

अप्पांनी टोपी काढून हातात धरली.

कंधारचा किल्ला बघायचा राहिला. तुम्ही बघा.

घरी येऊन पुस्तक परत केलं. काका म्हणले, "कादंबरी हाय, सगळं खरं कसं असंल?" असंल तसं. पण त्यात तो नुसता पिंजारी हाय. निघताना सकीनाबींनी त्याचं नाव माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. हुसेनसाब. बायका त्यांनी लपवल्या होत्या.