काळ्या पाण्यावरून जतेपर्यंत

रजेवर आलेल्या शिपाईगड्यानं घरी गप पडून राहावं, उसाकडं एक चक्कर मारावी आणि आयतं जेवावं, असं माझ्या आईचं मत. मत बरोबरच होतं. पण मी बिराला शब्द देऊन बसलो होतो. लढाई संपल्यावर आमची पलटण अंदमानात उतरली, तिथं हा भेटला. जतेकडचा धनगर, चाळिशी गाठलेला, जन्मठेपेचा कैदी. सरकारनं सगळ्यांनाच सोडलं, तेव्हा आमच्याच बोटीनं तो परत आला. बोटीवर मला म्हणाला, "हवालदार, घरापत्तूर चला माझ्यासंगं. एकट्याचा पाय उचलायचा न्हाई."

शिरवळहून मोटार धरली. पेट्रोल अजून मिळत नाही, त्यामुळं मागं शेगडी बांधलेल्या, कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी आहेत. खंबाटकीच्या चढाला ती दमली आणि आम्ही सगळ्यांनी उतरून ढकलली. तिकीट काढून वर हमाली. कुणाला या वाटेनं जायचं असेल त्यानं पांढरं धोतर नेसू नये, एवढंच सांगतो.

साताऱ्यात बिराला कोर्ट बघायचं होतं. मला वाटलं, आता रडतो की काय. तो नुसता फाटकाबाहेर उभा राहिला. "हितंच उभं केलं हुतं," म्हणाला. मिसरूड फुटत होतं तेव्हाची गोष्ट. दुष्काळाचं साल, घरात दाणा नाही, तासगावच्या अंगाला पाच-सहा पोरांनी मिळून मेंढरं पळवली. राखणदार आडवा आला. कुणाची तरी काठी त्याच्या डोक्यात बसली आणि तो दगावला. "कुनाची बसली ती?" मी विचारलं. "म्हाईत न्हाई. माझीबी आसंल," तो म्हणाला. मी त्याला चहा पाजला.

कराडच्या अलीकडं पिठलं-भाकरी चांगली मिळते, मिरची मात्र बेतानं मागा. पुढं मलकापूर मागं टाकून सांगलीला मुक्काम केला. धर्मशाळेत ढेकूण लय, पण पाणी मुबलक. सकाळी बिरानं आईसाठी हिरवं लुगडं घेतलं. दुकानातनं बाहेर पडताना त्यानं विचारलं, "मला घरात घेत्याल का हो?"

"आवं, आई हाय ती. न घेऊन जाती कुठं?" मी म्हणालो.

सांगली सुटली की हिरवं मागं पडत जातं. जतेकडं नुसता खडक, कुसळं आणि मेंढरं. एका फाट्यावरच्या हॉटेलात पाणी मागितलं, तर मालकानं हात हलवला, "नीरु इल्ला." पाणी संपलं होतं, कानडीत का होईना, ते कळलं. आपला तांब्या भरून नेल्याशिवाय या बाजूला येऊ नका. पुढं चालत गेलो.

घर दिसलं तसा बिरा झपाझपा निघाला. दारातनं त्याचा धाकटा भाऊ मायाप्पा बाहेर आला, त्यानं ओळखलं, आणि दोन्ही हात आडवे करून उंबऱ्यावर उभा राहिला. "दादा, थांब. आत न्हाई यायचं. तुजं दिवस घाटलंत आमी."

मग उलगडा झाला. बारा वर्षं वाट बघून घरच्यांनी पिठाचा पुतळा केला होता, बिरा म्हणून त्याला मातीत दिला होता, दहावं-बारावं सगळं केलं होतं. त्यानंतर मायाप्पाला मुलगा झाला, त्याला बिराचंच नाव ठेवलं. आता मेलेला माणूस दारातनं आत कसा घ्यायचा? मला असला राग आला. पण मायाप्पा उभ्या उभ्या रडत होता.

पंच बसले. ठरलं असं, की गेलेला परत यायचा तर नव्यानं जन्मून यायचा. बारसं करायचं, नाव दुसरं. बिराचं नाव आता त्या पोराचं झालं. पंचांनी 'सिद्धू' नाव काढलं. बिरा मेंढरं कोंडायच्या जाळीशेजारी, वाघरीपाशी, बसून ऐकत होता. "चालंल," म्हणाला.

सकाळी त्याला हळद लावून अंघोळ घातली, घोंगड्यात गुंडाळला, पिकल्या डोक्यावर तान्ह्याची कुंची ठेवली. बाया हसायला लागल्या. आईला धरून आणली. वाळून काडी झालेली म्हातारी. बिराचं डोकं मांडीवर घेऊन तिनं त्याच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, मग त्याला हाताला धरून घरात नेलं. जेवायला ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं होतं. मायाप्पानं "बिरा, पानी आन" म्हणून हाक मारली, तर दोघं उठले. पोरगं हसलं. मोठा खाली बसला आणि जेवत राहिला.

मला फाट्यापर्यंत सोडायला तो आला. मी म्हणालो, "चला सिद्धूआण्णा, झालं ना मनासारखं?"

"तिनं कानात बिराच म्हनलं," तो म्हणाला. "म्हनली, बिरा, माज्या बिरा, ही शेवटची हाक. आता मी तुला सिद्धू म्हननार. पोराचं नाव तुलाबी लावलं तर त्येचं वाईट हुईल." मग म्हणाला, "तिकडं नंबरानं बोलवायचं, हवालदार. कवातरी आई नावानं बोलवंल म्हनून मी दीस काढलं. बोलीवलं तिनं. येकदा."

मोटार आली. मी चढलो.

आता घरी येऊन हे लिहितोय. जत बघावी का, तर बघावी, माणसं चांगली आहेत. माझं मन मात्र तिथून अजून निघालेलं नाही. मायाप्पाचं चुकलं म्हणावं तर तसंही म्हणवत नाही. मघाशी आईनं जेवायला ये म्हणून मला नावानं हाक मारली. मी ओ दिली नाही. तिनं पुन्हा मारली, मग पुन्हा, आणि बहिरा झालास का रे म्हणून ओरडायला लागली, तरी मी माझं नाव ऐकत बसलो.