टोपलीतली मनःशांती

"दे इकडं, मी म्हणते तुझ्यासाठी."

असं म्हणून ती उजवा हात पुढे करायची, तळवा वर, जणू आपण पेरूच द्यायला आलोय. कुणाचं पोर परीक्षेला बसलं, कुणाची गाय व्यायला अडली, की बायका तिच्या ओट्यावर येऊन अडचण सांगायच्या आणि भाकऱ्या थापायला मोकळ्या. देवाशी बोलायचं काम आमच्या डिंगोऱ्याच्या वरच्या आळीनं तिच्यावर टाकलं होतं, दळण गिरणीत टाकतात तसं. तुमच्याही गावात अशी एक असेल, बघा आठवून.

सगळे तिला मावशी म्हणायचे. मी पासष्टी ओलांडली तरी मला ती "पोरी" म्हणायची. मला ते आवडायचं. तसं म्हणणारं दुसरं उरलंय कोण?

तर एकदा पुण्याहून एक मॅडम आल्या. श्रद्धेचा मनाच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, यावर त्यांचं संशोधन. मुलगी गुणाची होती, चहाला नाही म्हणायची नाही. देवळाच्या मंडपात बसवून तिनं आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये प्रार्थनेचं ॲप घातलं. रोज संध्याकाळी सातला घंटा वाजणार, फोनवर समई पेटणार, दहा मिनिटं प्रार्थना करायची. मग पाच तोंडं येणार, ढसाढसा रडणाऱ्यापासून खदखदा हसणाऱ्यापर्यंत. आपल्या मनासारखं तोंड दाबायचं, ते पुण्याला दिसणार. खालच्या आळीला मात्र समई नाही, प्रार्थना नाही. नुसती घंटा आणि तोंडं. म्हणजे प्रार्थनेनं काही फरक पडतो का, ते कळेल म्हणे.

मावशीचा फोन बटणांचा. त्यात ॲप बसेना. मॅडमनी तिच्या नावापुढे फुली मारली. आख्ख्या आळीची प्रार्थना करणारी बाई तेवढी प्रार्थनेच्या अभ्यासाबाहेर राहिली!

आता तुम्हीच सांगा, संध्याकाळी सातला कुठल्या बाईला दहा मिनिटं मोकळी असतात? गाईची धार, डेअरीचं दूध, चुलीवर कालवण. दुसऱ्याच दिवशी पहिला फोन मावशीच्या ओट्यावर आला. आठवड्यात चौदा झाले, त्यात माझाही. तिनं भाकरीची टोपली पुसून त्यात ते मांडले. सगळ्यांची कुलपं तिला पाठ. "हिचं गणपतीच्या सोंडेवाणी, हिचं विळ्यावाणी. अन् ह्या बयेला अंगठाच लागतो, मारा तिला हाक!" ती बया शेणाचे हात पदराला पुसत यायची, अंगठा लावून जायची.

सात वाजले की चौदा घंटा एकदम वाजायच्या. आळीतली कुत्री भुंकायची. मावशी हात जोडायची. "देवा, ह्या सगळ्यांचं बरं कर. नावं फोनवर हायेत, बघून घे."

"मावशी, चौदा वेळा म्हणायला पाहिजे," मी एकदा म्हटलं.

"का? त्यो काय बहिरा हाय?"

मग तोंडं. एकजात सगळ्यांना खदखदा हसणारं. कारण विचारलं तर माझ्यावरच डाफरली, "अगं, दुसऱ्याच्या नावानं रडकं तोंड दाबायचं म्हंजी शाप दिल्यावाणीच की!"

पंधरा दिवसांत खालच्या आळीच्या बायका रुसून आल्या. "मावशी, आमी काय पाप केलं? आमाला नुसती घंटाच?" मावशीनं हात पुढे केला. दुसरी टोपली आली.

तीन महिन्यांनी मॅडम कागद घेऊन आल्या, खूश पण बुचकळ्यात. वरची आळी हसत होती ते ठीक, पण खालची नुसत्या घंटेवर तेवढीच हसत होती. त्यांच्या मोठ्या सरांनी यावर खोल विचार केला होता. घंटेच्या नादातच काहीतरी असावं, असं त्यांचं मत पडलं. ते स्वतः येऊन गावाचं कौतुक करणार होते. आम्ही बायका पदर तोंडाला लावून बसलो. खरं सांगायची हिंमत कुणाची? मलाही मजाच वाटत होती, खोटं कशाला बोलू.

मजा संपली ती वैशालीपाशी. वैशाली माझ्या शेजारची सून. बाळ चार महिन्यांचं. पोरगी जेवेना, वेणी घालेना, बाळ रडून लाल झालं तरी भिंतीकडे बघत बसायची. मी तिच्या सासूला म्हटलं, हिला दवाखान्यात दाखव.

"कशाला?" सासू म्हणाली. "मॅडमच्या कागदावर रोज हसरं तोंड हाय तिचं. पुण्याच्या लोकांना काय खोटं दिसतंय व्हय? नाटकं हायेत सगळी."

संध्याकाळी मी हे मावशीच्या कानावर घातलं. टोपली मांडीवर होती आणि नेमका वैशालीचाच फोन हातात. मावशीचं बोट अधांतरी राहिलं.

"म्हंजी पोरी, माझ्या बोटानं तिचा दवाखाना अडवला?"

त्या दिवशी तिनं एकही तोंड दाबलं नाही. "न्या आपापले फोन," म्हणाली आणि टोपली उपडी घातली.

दोन दिवसांनी मोठे सर आले. मंडपात पडदा लावला, पडद्यावर वर वर जाणारी रेघ. सर म्हणाले, "या गावानं जगाला दाखवून दिलं आहे की..." आणि मावशी उठली.

"सायेब, ते हसू माझं हाय."

सरांना वाटलं, आजी आनंद व्यक्त करतायत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नगं वाजवू, लेकरा. दोन्ही आळ्यांची तोंडं मीच दाबली. ह्यांच्या मनात काय व्हतं, मला ठावं न्हाई. अन् ही वैशाली हसत न्हाई. तुमचा कागद खोटा हाय म्हणून तिच्या सासूला सांगा आधी, मग भाषण करा."

मॅडमचा चेहरा त्या पाच तोंडांतल्या पहिल्यासारखा झाला. पण तिनंच सरांच्या हातातला माईक घेतला आणि सासूकडे बघून म्हणाली, "काकू, या कागदावर जाऊ नका. तिला उद्याच डॉक्टरांना दाखवा." आमच्या दोन्ही आळ्या त्या अभ्यासातून वगळल्या गेल्या, असं पुढं कळलं. तीन महिने हसून आम्ही वगळलेली माणसं झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही जुन्नरला गेलो. वैशाली, सासू, मावशी, आणि बाळ माझ्या मांडीवर. डॉक्टरीणबाईंनी वैशालीला विचारलं, "काय वाटतं तुला? सांग." वैशालीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मावशीनं तोंड उघडलं. आयुष्यभराची सवय! मग तिनं पदराचा बोळा केला आणि स्वतःच्याच तोंडात धरला. तशीच बसली, डोळे मोठे करून. शेवटी वैशाली बोलली, "मला बाळाची भीती वाटते," आणि रडायला लागली. सासूनं मान खाली घातली. मावशीनं पदर काढला तेव्हा तो ओला होता.

वैशालीला सावरायला पावसाळा गेला. गोळ्या चालू होत्या, दर महिन्याला एसटी चालू होती. प्रार्थनाही चालू होतीच, पण आता मावशी हात पुढे करण्याआधी विचारायची, "तुला सवताला काय म्हणायचंय, ते आदी सांग."

गेल्या हिवाळ्यात मावशीनं अंथरूण धरलं. वैशाली तिला पेज भरवत होती, मी पायाशी बसले होते. वैशालीनं सहज विचारलं, "मावशी, तुमचं मन कसं हाय ओ?"

मावशी चमचा तोंडाशी असताना थांबली. लाजलीच म्हणा ना.

"मला कुणी इचारलंच न्हवतं की," ती म्हणाली. "थांब जरा. बघून सांगते."

डोळे मिटून खरंच बघायला लागली. चेहरा असा, की जणू घरातली वस्तू कुठं ठेवलीय ते आठवतेय. बघता बघता झोप लागली.

तीन दिवसांनी ती गेली. सांगायचं राहिलंच.